दुसऱ्याने भरलेलं काडतूस

आमच्या गावात माणूस माणसाला काहीही उसनं देतो. ट्रक देतो, घोडा देतो, बर्फ ढकलायचं यंत्र देतो आणि एप्रिल उजाडेपर्यंत परत मागत नाही. एका अंत्यविधीत भाषण करायचं होतं अशा माणसाला शेजाऱ्याने स्वतःची कवळी देऊ केली होती. ती बसली नाही, हा भाग वेगळा. पण आपल्या हाताने भरलेलं काडतूस इथे कोणी कोणाला देत नाही, आणि दिलंच तर घेणारा ते बंदुकीत घालत नाही. बायबलातल्या दहा आज्ञांपैकी मोंटानाच्या आमच्या भागात निम्म्याअधिक पाळल्या जातात. ही अकरावी मात्र सगळेच पाळतात, पाद्रीसुद्धा.

तिचं कारण ड्वेन. न्याहारीच्या हॉटेलात खिडकीजवळच्या टेबलावर जो माणूस अर्ध्या बोटाने रस्त्याकडे खुणा करत बसलेला असतो, तो ड्वेन. त्याच्या मेव्हण्याने एकदा काडतुसं भरून झाल्यावर मापात उरलेली बंदुकीची दारू परत डब्यात ओतली. डबा चुकला. रायफलीच्या सावकाश जळणाऱ्या दारूत पिस्तुलाची भडकू दारू मिसळली. पुढच्या खेपेला त्याच डब्यातून भरलेली काडतुसं त्याने ड्वेनला प्रेमाने दिली आणि ड्वेनच्या बंदुकीची मागची बाजू पुढच्या बाजूचं काम करायला गेली. मेव्हणा अजून दर थँक्सगिव्हिंगला जेवायला असतो. टर्की तोच कापतो, कारण ड्वेनला सुरी नीट धरता येत नाही.

मी स्वतः काडतुसं भरत नाही. दुकानातून खोका आणतो, वर्षाला एक हरीण मारतो, ते हिवाळाभर खातो. हॅल्वर टोर्गरसन माझ्या काडतुसांना 'डबाबंद सूप' म्हणायचा.

हॅल्वर माझा शाळेपासूनचा मित्र. रेल्वेच्या सिग्नल खात्यात त्याचा जन्म गेला. लाल म्हणजे लाल, हिरवा म्हणजे हिरवा, आणि पिवळा म्हणजे लोकांना घाई असते म्हणून ठेवलेला दिवा, असा त्याचा स्वभाव. निवृत्त झाल्यावर तो गॅरेजमध्ये राहायला गेला म्हटलं तरी चालेल. तिथे भिंतीलगत एक दणकट बाक, बाकावर काडतुसाच्या पितळी पुंगळ्या दाबायची प्रेस, दारू तोलायचा तराजू आणि समोर भिंतभर जुने लक्ष्यकागद. दुसऱ्या घरांत नातवंडांचे फोटो असतात तिथे याच्याकडे भोकं पडलेले कागद.

बार बसवणं म्हणजे काय, ते त्याने मला इतक्या वेळा सांगितलं आहे की मी झोपेतही सांगू शकतो, आणि त्याचं ऐकताना बहुधा झोपेतच असायचो. प्रत्येक नळीचे लाड वेगळे. एकीला दारू चिमूटभर जास्त लागते, एकीला कमी. एकीला गोळी पुंगळीत केसभर आत बसलेली आवडते, एकीला केसभर बाहेर. तिला काय आवडतं ते ती सांगत नाही. आपण भरत जायचं, मारत जायचं आणि कागदावर बघायचं. तीन गोळ्या एकमेकींच्या किती जवळ पडल्या तेवढंच बघायचं. हॅल्वर त्याला झुबका म्हणायचा. झुबका कागदाच्या मध्यावर पडला की कडेला, याला काडीची किंमत नाही. बंदुकीवरच्या दुर्बिणीचा स्क्रू फिरवला की तो सरकतो. झुबका घट्ट हवा. आणि मुख्य नियम, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या की कशामुळे काय झालं ते कळत नाही.

या नियमावर त्याने संसारही केला. त्याच्या बायकोने, आर्लिसने, स्वयंपाकघराचा रंग आणि पडदे एकदमच बदलले तेव्हा तो महिनाभर अस्वस्थ होता.

तर त्या वर्षी जूनमध्ये हॅल्वरला रानमेंढ्याचा परवाना लागला.

हे काय असतं ते इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. कड्यांवर राहणारा, कानांमागून गालापर्यंत वळलेल्या शिंगांचा तो मेंढा मारायची परवानगी सोडतीतून मिळते आणि बहुतेकांना ती कधीच मिळत नाही. माणसं तरुणपणी अर्ज करायला लागतात आणि अर्ज करता करता मरतात. हॅल्वरने लग्नाच्या वर्षापासून दर वर्षी अर्ज केला होता. मधुचंद्राला जाताना वाटेत थांबून पेटीत टाकला होता, असं आर्लिस सांगते. निकाल कळला तेव्हा तो गॅरेजमध्ये गेला, दार लावून घेतलं आणि बऱ्याच वेळाने बाहेर येऊन म्हणाला, "नवीन बार बसवायला हवा."

जुना बार चांगला होता. पण आयुष्यात एकदा मिळणाऱ्या मेंढ्यावर जुना बार टाकणं म्हणजे लेकीच्या लग्नात जुनाच कोट घालणं. त्याने त्या दिवशी हॉटेलात सगळ्यांसमोर जाहीर केलं, "झुबका माझ्या अंगठ्याखाली झाकला गेला तर मी वर जाईन. नाहीतर नाही. अर्धवट बार घेऊन मी त्या जनावराच्या समोर उभा राहणार नाही."

"आणि मेंढा?" ड्वेनने विचारलं. "तो राहणार का उभा?"

इथपर्यंत सगळं रीतसर होतं. पुढे झुबका बसेना.

पहिले कागद पाहून हॅल्वर हसला होता. तीन भोकं अशी विखुरलेली, जणू तीन वेगवेगळ्या माणसांनी तीन वेगवेगळ्या रागांतून मारलेली. त्याने दारूचं माप बदललं. मग गोळीची खोली. मग गोळ्याच. जुलै संपेपर्यंत रोज सकाळी गोळीबाराच्या माळावरून येऊन तो आमच्या टेबलाशी बसायचा आणि टोपी गुडघ्यावर ठेवायचा.

"प्रायमर बदल," ड्वेन म्हणाला. प्रायमर म्हणजे पुंगळीच्या बुडातली, ठिणगी पाडणारी टोपी.

"बदलले."

"मग दारू बदल."

"बदलली."

"मग पुन्हा आधीचे प्रायमर लाव. नव्या दारूला जुनेच आवडत असतील."

"ड्वेन, तुझ्या सल्ल्याने जग चाललं असतं तर तुझं बोट शाबूत असतं."

"बोट मेव्हण्याच्या सल्ल्याने गेलं. माझा सल्ला मी स्वतः कधीच ऐकत नाही, म्हणून बाकीचा अजून शाबूत आहे."

त्या उन्हाळ्यात पश्चिमेकडची जंगलं पेटली होती. दुपारपर्यंत धूर दरीत उतरायचा, डोंगर दिसेनासे व्हायचे. हॅल्वर म्हणायचा, "धुराने कागदावरचं टिंब फिकट पडतं." आम्ही माना हलवायचो. आम्हालाही सगळं फिकटच दिसत होतं.

याच सुमारास हॅल्वर माजला, असं गावाचं मत झालं. तो बोलताना तोंडाकडे बघत नाही, कानाच्या पलीकडे कुठेतरी बघतो. मान वाकडी करून, कोंबडी दाण्याकडे बघते तशी. रस्त्यात समोरून हात केला तर ओळख देत नाही. चर्चच्या कॉफीला पाद्र्याच्या बायकोने बशी पुढे केली तर याने बशीशेजारची हवा उचलली. "मेंढा अजून डोंगरावरच आहे," ती म्हणाली, "आणि याची मान आत्ताच आखडली." मला हे वाक्य इतकं आवडलं की मी ते दोन ठिकाणी माझं म्हणून खपवलं.

ऑगस्टमध्ये त्याने नळीसुद्धा बदलली. बंदुकीच्या कारागिराने नवी नळी बसवून दिली, तरी तेच. आधी दुर्बीण बदलून झाली होती, दस्त्याचं लाकूड नव्याने बसवून झालं होतं. त्याचा बापापासूनचा दांडीचा तराजूही गेला आणि त्या जागी विजेचा आला, टोस्टरएवढा, त्यावर तांबडे लखलखीत आकडे. "दांडीला वारा लागतो," तो म्हणाला. गॅरेजच्या खिडक्या बंद होत्या.

आर्लिसने मला एका दुपारी बोलावलं. हॅल्वर माळावर गेला होता; त्याला पोचवून तीच परत आली होती. जुलैपासून गाडी तीच चालवायची, त्याचा गुडघा दुखतो म्हणून. ती शेगडीपाशी रुबार्बचा मुरंबा ढवळत होती. परसातली ती आंबट तांबडी देठं आम्ही सगळेच लावतो; मुरंबा तिच्यासारखा कोणाला जमत नाही.

"मर्ल, तो मला रोज पेपर वाचून दाखवायला सांगतो."

"चांगलं आहे की."

"मलाही आधी तसंच वाटलं. म्हणाला, तुझा आवाज ऐकावासा वाटतो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी केसांना क्लिप लावून, नीट बसून वाचायला लागले. मृत्यूच्या बातम्यासुद्धा जरा गोड आवाजात वाचल्या." तिने पळी पातेल्यावर आपटली. "काल त्याने कॉफी ओतली. कपाच्या शेजारी. अगदी व्यवस्थित, शेवटच्या थेंबापर्यंत. मग कप उचलून प्यायला आणि म्हणाला, आज हलकी झालीय."

मी खुर्ची ओढून बसलो.

"त्याच्या आईचं असंच झालं होतं," ती म्हणाली. "मधलं जातं, कडेचं राहतं. म्हातारीला येशूचं चित्र दिसायचं नाही. चित्राशेजारच्या शेगडीच्या पाइपकडे बघितलं की कडेने येशू दिसायचा. शेवटी शेवटी ती पाइपकडे बघूनच प्रार्थना करायची."

"म्हणजे त्याला माहीत आहे."

"माहीत नसायला काय झालं? पण माहीत असलेलं माणूस रोज कशाला काढून बघेल?"

"तू सांग ना."

"तू सांग. तू मित्र आहेस."

"तू बायको आहेस."

"म्हणून तर नाही सांगत," ती म्हणाली.

मी आयुष्यभर इथल्या साप्ताहिकात लोकांना लोकांबद्दल सांगून पोट भरलं. त्या दिवशी मी मुरंब्याची चव घेतली आणि साखर बरोबर आहे असं सांगितलं.

तिला एकच गोष्ट हवी होती. हॅल्वर डोंगरावर जाऊ नये. तो जन्मात कधी कोणाला घेऊन शिकारीला गेला नव्हता, यंदाही जाणार नव्हता. ते कडे मी पाहिलेले आहेत. पाऊल ठेवायची जागा डोळ्यांच्या मधल्या भागाने बघावी लागते. आणि समजा पडला नाही, तर गोळी कुठेतरी लागलेला मेंढा कड्याकपारीत मरायला जाणार, आणि मग हॅल्वर खाली येऊन पुढे जगणार कसा?

"त्याचा नेमच मला वाचवणार आहे," आर्लिस म्हणाली. "झुबका बसला नाही तर जाणार नाही, असं त्यानेच सांगितलंय. हंगाम उलटून जाईल. म्हणेल, यंदा बारच बसला नाही. बंदुकीवर जाईल सगळं. बंदूक बिचारी काही बोलत नाही."

"मग बार बसू नये अशी प्रार्थना कर."

"करतेय की. पाइपकडे बघून."

सप्टेंबरातल्या कामगार दिनाच्या आधी हॅल्वर माझ्या ओसरीवर आला. कठड्याला हात लावून, पायऱ्या चाचपत चढला. गुडघ्याचं सोंग त्याला चांगलं उपयोगी पडत होतं. माझ्या डाव्या कानाकडे बघत म्हणाला, "सगळं बदलून झालं."

"नळीही?"

"नळीही. दारू, पुंगळी, प्रायमर, गोळी, दुर्बीण, दस्ता. एका वेळी एक. कशानेच फरक नाही." त्याने टोपी काढली. "एकच गोष्ट तेवढी राहिली बदलायची."

मला कळलं होतं, तरी विचारलं, "कोणती?"

"बंदुकीच्या मागे बसते ती."

समोरच्या रस्त्यावरून कोणाचा तरी कुत्रा चालला होता. आम्ही दोघांनी त्याच्याकडे बघितलं. निदान मी बघितलं.

"तू माझी तीन काडतुसं मार," तो म्हणाला. "शंभर यार्डांवरून. बाकी सगळं तेच. माणूस तेवढा वेगळा."

"तू भरलेली?"

"मीच भरलेली."

"हॅल्वर, मी डबाबंद सूपवाला माणूस. आणि दुसऱ्याने भरलेलं..."

"माहीत आहे मला. घाबरतोस?"

"ड्वेनच्या बोटाला घाबरतो."

त्याने मान हलवली. "बरोबर आहे तुझं. मीही नसतं मारलं." तो इतक्या समजूतदारपणे म्हणाला की मला उठून पळून जावंसं वाटलं. बोटाचं भय मला नव्हतंच. गावाचा नियम हाताशी होता, तो मी पुढे केला, इतकंच. चांगल्या नियमाचा हाच उपयोग असतो.

संध्याकाळी आर्लिसने त्याला सांगितलं, "मी मारते."

"तू?"

"चाळीस वर्षं माझ्या हातचं खातोयस. मेलास का? एक दिवस मी तुझ्या हातचं मारते."

आर्लिस कुरणावरची पोर. तिचा बाप गुरं पाळायचा आणि गुरांचे पाय गोफर नावाच्या खारीएवढ्या प्राण्यांच्या बिळांत अडकून मोडायचे. म्हणून दहाव्या वर्षापासून ती ओसरीच्या कठड्यावर बंदूक टेकवून गोफर मारायची. मेला की नाही, एवढाच तिचा हिशेब. लग्नानंतर बंदुकीला तिने हात लावला नव्हता आणि गॅरेजमध्ये ती कपडे धुवायच्या यंत्रापुरती जायची. झुबका, खोली, माप ही नवऱ्याची भाषा तिच्या कानांवरून गेली तशीच गेली होती.

माळावर निघायच्या सकाळी मीही बरोबर होतो; कोट घालताना ती माझ्याशी हळूच बोलली. हॅल्वर बाहेर गाडीत वाळूच्या पिशव्या ठेवत होता.

"मी चुकवणार आहे."

"काय?"

"नेम. एकही मध्ये जाऊ देणार नाही. म्हणजे तो समजेल की आपला काही दोष नाही, बारच वाईट आहे. आणि घरी बसेल."

"तो ओळखणार नाही?"

"इतक्या वर्षांनी मारतेय. माझं चुकणं काही संशयास्पद नाही."

मला ती युक्ती आवडली. इतकी आवडली की तिच्यात काय खोट आहे ते बघायचं मला सुचलंच नाही.

त्याच्या आदल्या दिवशी पाऊस पडून गेला होता. धूर धुऊन गेला होता. माळावर उभं राहिलं की पार टोकापर्यंतचे डोंगर, त्यांवरचं एकेक झुडूप, नव्या बर्फाची पहिली रेघ, सगळं कोणीतरी नुकतंच पुसून ठेवल्यासारखं होतं. त्या उन्हाळ्यात हॅल्वरसाठी इतकी वाईट हवा कधीच पडली नव्हती. दोष द्यायला हवेत काहीच नव्हतं.

मी कागद लावून आलो. हॅल्वरने बाकावर पिशव्या रचल्या, त्यांवर बंदूक बसवली, हाताने चाचपून सारखी केली. मग काडतुसांची पेटी उघडली. झाकणाच्या आत रांगेत उभी असलेली ती पितळी काडतुसं एकसारखी चकाकत होती. त्याने एक उचललं, अंगठ्याने गोळीच्या टोकापासून बुडापर्यंत फिरवलं आणि बायकोच्या तळहातावर ठेवलं. आपल्या हाताने भरलेलं काडतूस माणसाने दुसऱ्याला देताना मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो.

"सावकाश," तो म्हणाला. "श्वास अर्धा सोड. चाप ओढू नकोस, नुसता दाबत जा. कधी उडाला ते तुला कळता कामा नये."

"गोफरांना मारताना एवढं काही नसायचं."

"गोफर मेंढ्याएवढा असता तर त्यालाही असतं."

"हॅल्वर, मेंढ्याएवढा गोफर असता तर मी तुझ्याशी लग्न करून गावात कशाला आले असते? तिथेच राहून विकला असता."

तो हसला. जूनपासून मी त्याला हसताना पाहिलं नव्हतं. ती बाकाशी बसली, गाल दस्त्याला टेकवला. मी तिवईवरच्या दुर्बिणीला डोळा लावला. ती दुर्बीणही त्याचीच, तिच्याशी मला बसवताना तो म्हणाला होता, "मान वाकवली की गुडघा दुखतो." गुडघा कुठे आणि मान कुठे.

पहिला बार उडाला. मध्यावरचं काळं टिंब कोरंच होतं. भोक खाली डावीकडे, कागदाच्या चौकटीच्या कोपऱ्यात, जिथे दोन रेघा मिळतात त्याच्या अगदी बोकांडी. छान, मी मनात म्हटलं. दुसरा बार उडाला. मला दुसरं भोक दिसेना. कागदाबाहेर गेली असेल, आणखीच छान. तिसरा उडाला. तिसरंही दिसेना. मी दुर्बिणीचं चाक फिरवून नीट पाहिलं. कोपऱ्यातल्या त्या भोकाला दोन पाकळ्या फुटल्या होत्या.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि तो न पडता तर बरं झालं असतं. चुकवायचं ठरवलेल्या बाईनेही नेम धरलाच होता. टिंबावर नाही, कोपऱ्यावर. कुरणावरच्या पोरीने तो गोफरावर धरतात तितका पक्का धरला होता. आणि इथे कागदाच्या कुठल्या भागात लागलं याला काडीची किंमत नव्हती.

"कुठे?" हॅल्वरने विचारलं.

"खाली. डावीकडे," मी म्हणालो. "पार कोपऱ्यात."

आर्लिस कानातले बोळे काढत समाधानाने उठली. "बघ. एकही लागली नाही. टिंब तसंच आहे ना, मर्ल?"

"टिंब तसंच आहे."

"बारच वाईट आहे तुझा," ती नवऱ्याला म्हणाली. तिच्या आवाजात इतकी माया होती की मला दुर्बिणीतून डोळा काढता येईना. "तू काय करणार? तुझ्याकडून होतं तेवढं केलंस."

"तिन्ही कोपऱ्यात?" त्याने मला विचारलं.

जन्मभर मला शब्दांची कधी वाण पडली नाही. त्या दिवशी एक साधं 'नाही' मिळालं नाही.

हॅल्वर चालायला लागला. माळ सपाट होता, तरी तो पाय उचलून उचलून टाकत होता. आम्ही मागून गेलो. कागदापाशी पोचल्यावर त्याने तोंड त्याच्याकडे केलं, मग बाजूला वळवलं, डोंगरांकडे, आणि डोंगरांकडे बघत हात पुढे केला. बोटं कागदावरून खाली डावीकडे सरकली. कोपऱ्याशी थांबली. भोकाच्या कडेवरून तर्जनी हळूहळू फिरली, भोकावरून एका पाकळीवर, तिच्यावरून दुसरीवर. मग त्याने त्यावर अंगठा ठेवला.

अंगठ्याखाली सगळं झाकलं गेलं. बाजूने भोकाची कडसुद्धा दिसत नव्हती.

"पण मी मध्ये मारलंच नाही," आर्लिस म्हणाली. तिला अजून कळलं नव्हतं. "हॅल्वर, बघ ना. मध्ये एकही नाहीये."

"मध्ये कोण बघतंय, आर्लिस," तो म्हणाला.

मग तिला कळलं. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मी कोपऱ्याला ठोकलेल्या खिळ्याकडे.

"बार बसला," हॅल्वर म्हणाला. अंगठा त्याने काढला नाही. "बहुतेक जुलैपासूनच बसलेला असणार. उगाच नळी बदलली. पहिली चांगली होती."

परतताना गाडीत, वळणावर, तो म्हणाला, "चांगलं मारलंस." आर्लिसने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, थांबवली आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकवून बराच वेळ बसून राहिली. त्याने तिच्या पाठीवर हात ठेवायला हात पुढे केला. तो सीटवर पडला. दुसऱ्यांदा बरोबर पडला.

नंतर ती त्याला मोठ्या गावी डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरने रोगाचं जे नाव सांगितलं ते फार लांबलचक होतं. उपाय त्यामानाने फारच आखूड होता: गाजरं खा आणि जिने उतरताना कठडा धरा.

परवाना दुसऱ्याच्या नावावर होत नाही. हंगाम सुरू झाला त्या सकाळी हॅल्वर मला म्हणाला, "मला नुसतं पायथ्याशी ने." बंदूक घेतली नाही. मी तिवई आणि दुर्बीण घेतली. रस्ता संपतो तिथून कड्यांचा वरचा पट्टा दिसतो. बराच वेळ शोधल्यावर मला ते दिसले.

"आहेत?"

"आहेत. चार-पाच माद्या आणि एक मेंढा."

"केवढा?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण खोटं बोलण्याची माझी खेप माळावरच वाया गेली होती. "मोठा. शिंगं पुरी वळलेली. टोकं झिजलेली."

त्याने दुर्बिणीला डोळा लावला. वाट पाहिली. मग डोळा तसाच ठेवून बुबुळ कडेला सरकवलं, जणू शेजारच्या दगडात त्याला अचानक रस वाटू लागला होता. तो बराच वेळ तसा राहिला.

"दिसला," तो म्हणाला. "त्याच्याकडे बघितलं नाही की दिसतो."

वरचा मेंढा चरत होता. त्याला कोणाच्या बघण्या न बघण्याचं काही नव्हतं.

आठवड्याने मी त्याच्या घरी गेलो तेव्हा गॅरेजमधून ठक, ठक असा आवाज येत होता. भरलेलं काडतूस मोडायचा एक पोकळ हातोडा असतो. काडतूस त्यात बसवून लाकडावर आपटलं की गोळी आणि दारू पुंगळीतून सुटून हातोड्यात गोळा होतात. तो ती उन्हाळ्याची सगळी काडतुसं एकेक करून मोडत होता. तोंड खिडकीकडे होतं आणि हात त्याचे ते बाकावर काम करत होते. गोळ्या एका वाडग्यात, पुंगळ्या दुसऱ्यात, दारू एका बशीत. भिंतीवरचे कागद तसेच होते. कोपऱ्यात भोक असलेला नवा कागद त्यांच्यात नव्हता.

"ड्वेन आला होता," तो म्हणाला. "म्हणाला, चूक पुंगळीच्या तोंडात आहे. तोंड भट्टीत तापवून घे."

"तू काय म्हणालास?"

"घेतो म्हणालो."

ठक.

बशी भरली तेव्हा त्याने शेल्फवरून एक डबा चाचपून उतरवला आणि माझ्यासमोर धरला. "यावर काय लिहिलंय, वाच."

मी वाचलं.

"नक्की?"

"नक्की."

"पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं. डबा बरोबर होता. त्याने झाकण उघडलं, बशी डब्याच्या तोंडावर नेली आणि तशीच धरून ठेवली. हात स्थिर होता. त्याच्या हाताला कधी काही झालंच नव्हतं.

"नको," तो शेवटी म्हणाला. "दुसऱ्याच्या वाचण्यावर डब्यात ओतायचं, म्हणजे ते दुसऱ्याने भरल्यासारखंच झालं."

तो बशी घेऊन परसात गेला. दाराची चौकट, दोन पायऱ्या, कपड्यांची दोरी, सगळं न बघता ओलांडलं. दारूत नत्र असतं, झाडांना चांगलं. त्याने ती सगळी आर्लिसच्या रुबार्बच्या वाफ्यात पसरली आणि चपलेने मातीत कालवली. स्वयंपाकघराच्या खिडकीत आर्लिस उभी होती. तिने पडदा ओढला नाही आणि हातही केला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात रुबार्ब कमरेएवढा वर आला, मनगटाएवढी देठं. सगळा गाव बघायला आला. आर्लिसने त्यातलं एकही कापलं नाही; ती कशावर वाढली ते तिने खिडकीतून पाहिलं होतं. पानं पिवळी पडली, मग तपकिरी झाली, आणि पहिल्या थंडीत आडवी झाली.